स्कूटर नवी नव्हती

पुरुषोत्तमचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात गेलं, आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता. छत्तीस वर्षं त्यानं कानडी सिनेमांच्या शूटिंगवर साउंड रेकॉर्डिस्ट म्हणून काढली. कुणाच्या पोटात कावळे ओरडतायत, कुणाची चप्पल कुरकुरतेय, कुठल्या हिरोला आदल्या दिवशीची उतरलेली नाही, हे त्याला हेडफोनमधून बसल्या जागी कळायचं. स्वतः बोलायची वेळ आली की मात्र हा गृहस्थ तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. एक गोष्ट तर त्यानं सव्वीस वर्षं पोटात ठेवली होती. आता सत्तरी उलटली, बायको गेली, मुलगा शुभंकर परदेशात स्थिरावला. तेव्हा ती गोष्टही आपल्याबरोबरच जाईल, अशी त्याची जवळजवळ खात्री झाली होती.

तेवढ्यात शाल्मली आली.

शाल्मली पुण्याची, नोकरीसाठी या कानडी शहरात आलेली. महादेवपुऱ्याच्या एका आयटी कंपनीत सहा वर्षं काम करून तिनं नोकरी सोडली, आणि सोडली ती सिनेमा काढायला. घरच्यांनी कपाळाला हात लावला असणार, पण पोरगी हट्टी. तिच्या ऑफिसात दर शनिवारी कानडी शिकवायला कावेरी नावाच्या एक बाई यायच्या. शिकवता शिकवता त्या मधेच राणी व्हायच्या, मधेच भांडकुदळ म्हातारी, मधेच बसचा कंडक्टर. शाल्मलीनं एकदा विचारलं, "मॅम, तुम्ही नाटकात होतात का?" कावेरी म्हणाली, "नाटकात होते, मग सिनेमात आले. तिथून मला वाळीत टाकलं." त्या एका उत्तरावर शाल्मली दोन वर्षं खपली आणि पटकथा लिहून मोकळी झाली.

शुक्रवारी सकाळी ती बनशंकरीत पुरुषोत्तमच्या घरी पटकथेचा गठ्ठा घेऊन बसली होती.

"काका, स्क्रिप्ट ॲक्च्युअली लॉक झालीय," ती म्हणाली. "फक्त साउंडचं टेक्निकल तेवढं चेक करून द्या. म्हणजे तेव्हा मशीन कसं असायचं, माइक कुठे धरायचे वगैरे. मॅम म्हणाल्या, अण्णांच्या नजरेखालून गेल्याशिवाय शूट करायचं नाही."

"कधी सुरू करताय?"

"सोमवारी." तिचे डोळे चमकत होते. "आणि एक सांगू? या सगळ्या स्टोरीत एकच चांगला माणूस आहे. तो म्हणजे तुम्ही. इंडस्ट्रीतल्या प्रत्येकानं मॅमकडे पाठ फिरवली, पण त्यांच्या युनिटचा रेकॉर्डिस्ट दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जात राहिला. लास्ट शॉटमध्ये मी ॲक्टर घेणारच नाहीये. खऱ्या मॅम आणि खरे तुम्ही, समोरासमोर चहा पिताय. संपला सिनेमा."

पुरुषोत्तमनं पेल्यातल्या चहाकडे पाहिलं. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि ती कॅसेट कुणी बाहेर दिली, तेही दाखवणार?"

"ऑफकोर्स! बूम धरणारा तो परसू. नाव बदललंय, पण कळणाऱ्यांना कळेलच. सोमवारी पहिला सीन त्याचाच आहे." तिनं पर्स उचलली. "रविवारपर्यंत द्याल ना काका? प्लीज."

"सरी," पुरुषोत्तम म्हणाला. इतकी वर्षं या गावात राहिल्यावर होकार त्याच्या तोंडून कानडीतूनच निघायचा.

आता ती कॅसेट काय होती, हे सांगायला हवं.

अठ्ठ्याण्णव साली शहराच्या कडेच्या एका तलावालगतची वस्ती उठवायचं घाटत होतं. एका मंत्र्यानं भाषणात सांगितलं, की ही माणसं म्हणजे तलावातलं शेवाळ, काढल्याशिवाय पाणी स्वच्छ व्हायचं नाही. कावेरी तेव्हा छत्तीस वर्षांची, नाटक कंपनीतून सिनेमात येऊन नाव झालेली नटी. ती त्या वस्तीच्या सभेला गेली, बायकांबरोबर बुलडोझरसमोर बसली. पेपरात फोटो आला. मंत्र्याच्या माणसांनी तिकडे काणाडोळा केला. नटीबाईंना हौस आहे, बसू दे उन्हात. तेवढ्यावर भागलंही असतं.

पण त्याच आठवड्यात शूटिंगच्या जेवणाच्या सुटीत कुणीतरी म्हणालं, "अक्का, मंत्रीसाहेब करून दाखवा की!" कावेरीनं डब्याचं झाकण माइकसारखं तोंडासमोर धरलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि ते भाषण केलं. तोच घसा खाकरणं, टाळ्यांसाठी तेच थांबणं, 'शेवाळ' म्हणताना ओठांचा तोच चंबू. सगळं युनिट हसून लोळत होतं. परसूच्या हातात बूम, म्हणजे टोकाला माइक बांधलेली लांब काठी; तोही हसत होता, पण गडी असा तयारीचा, की काठी सवयीनं बरोबर कावेरीच्या डोक्यावर धरलेली. आणि पुरुषोत्तमला एक खोड होती. जेवणाच्या सुटीतही तो मशीन बंद करायचा नाही. कधी कोकीळ मिळते, कधी देवळाची घंटा. हे आवाज पुढं कामाला येतात, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी त्याला कोकीळ मिळाली नाही, कावेरी मिळाली. आणि काय मिळाली! साडेचार मिनिटं, कुठे खरखर नाही, प्रत्येक हशा जागच्या जागी. असं रेकॉर्डिंग हातून क्वचित होतं. ते कपाटात ठेवून द्यायला मोठं मन लागतं, तेवढं पुरुषोत्तमकडे नव्हतं. त्यानं एका कॅसेटवर कॉपी केली आणि युनिटचा प्रॉडक्शन मॅनेजर गुंडो याला दिली. "ऐक तर, काय धरलंय!" एवढंच म्हणाला. शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही. गुंडोनं आपल्या मित्राला ऐकवली, मित्रानं त्याच्या मित्राला. तीन आठवड्यांत ती कॅसेट मंत्र्याच्या गाडीत वाजली.

बुलडोझरसमोर बसलेली बाई चालते. हसं केलेलं चालत नाही. कुठून कुणाला फोन गेले, कुणालाच ठाऊक नाही. कागद तर एकही निघाला नाही. फक्त पुढच्या सिनेमाचा निर्माता कावेरीला म्हणाला, "तारखा जुळत नाहीत." त्याच्या पुढचाही तेच म्हणाला. तिसऱ्यानं फोनच घेतला नाही. पुरा झालेल्या सिनेमातला तिचा आवाज पुसून तिचे संवाद दुसऱ्या मुलीकडून बोलून घेतले. म्हणे हा आवाज फार ओळखीचा झालाय. सहा महिन्यांत कावेरी अशी पुसली गेली, की पोस्टरवर तिच्या जागी एक झाड आलं.

कॅसेट बाहेर कशी गेली, यावर युनिटमध्ये एक दिवस पंचायत बसली. तेव्हा गुंडोच उभा राहिला. स्वतःचं अंग काढून घ्यायचं होतं, आणि चांगला रेकॉर्डिस्टही घालवायचा नव्हता. "बूम कुणाच्या हातात होती?" त्यानं विचारलं. सगळ्यांनी परसूकडे पाहिलं. परसू अथणीकडचा, चोवीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. पुरुषोत्तमलाच गुरू मानायचा, त्याला 'अण्णा' म्हणायचा. त्यानं पुरुषोत्तमकडे पाहिलं. पुरुषोत्तम केबल गुंडाळत होता. एक वेढा वरून, एक खालून. केबलला पीळ पडू नये म्हणून अशीच गुंडाळतात. तो मान खाली घालून गुंडाळत राहिला. सगळी केबल संपली, तरी त्यानं मान वर केली नाही.

"आणि ही नवी स्कूटर कुठून आली रे परसू?" मागून कुणीतरी ओरडलं. झालं, तिथंच निकाल लागला.

शनिवारी सकाळी पुरुषोत्तम लाल पेन घेऊन पटकथा तपासत होता. पहिली तेरा दृश्यं त्यानं मन लावून तपासली. माइकची लांबी चुकली होती, ती दुरुस्त केली. 'इतका मोठा माइक तेव्हा नव्हता,' असं समासात लिहिलं. एका ठिकाणी 'वा!' असंही लिहिलं, कारण पोरीनं कष्ट घेतले होते. मग चौदावं दृश्य आलं.

'सकाळ. स्टुडिओचं फाटक. बूम-ऑपरेटर नव्या कोऱ्या निळ्या स्कूटरवरून येतो. आरशात बघून केस सारखे करतो. फाटकाशी उभी असलेली नायिका स्कूटरकडे बघते, मग त्याच्याकडे. तिला सगळं कळतं.'

पुरुषोत्तमनं समासात लिहिलं, 'स्कूटर नवी नव्हती.'

लिहिलं आणि पेन तिथंच राहिलं. स्कूटर नवी नव्हती हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती त्याचीच होती. अकरा वर्षं त्यानं वापरलेली. सुरू करायच्या आधी डावीकडे कलती करावी लागायची, नाहीतर ढिम्म हलायची नाही. परसूचं लग्न झालं तेव्हा पुरुषोत्तमनं ती निळा रंग मारून त्याला आहेर म्हणून दिली. नव्या नवरीला घेऊन बसनं कुठे फिरशील, म्हणाला. कॅसेटच्या दोन महिने आधीची गोष्ट. पंचायतीत त्यानं कॅसेटचं नसतं सांगितलं, नुसतं "स्कूटर मी दिलीय" एवढं म्हटलं असतं, तरी पोराची अर्धी बेअब्रू टळली असती. तेवढंही त्याच्यानं झालं नाही. एक धागा ओढला तर सगळं उसवेल, अशी धास्ती. शुभंकर शाळेत होता, घर भाड्याचं होतं, आणि तारखा न जुळणं म्हणजे काय हे तो डोळ्यांनी बघत होता. उद्या सांगू, म्हणाला. मग पुढच्या आठवड्यात. मग सगळं निवळल्यावर. निवळलं कधीच नाही, फक्त जुनं होत गेलं.

त्याच्या बायकोला, सुचेताला, माहीत होतं. ती दर दिवाळीला कावेरीसाठी चकल्या-करंज्यांचा डबा भरायची आणि दारात हातात देताना म्हणायची, "डबा पोचवा, आणि तेवढंही सांगून या." पुरुषोत्तम डबा पोचवायचा. कावेरी आनंदानं दोन घास खायची, सिनेमातल्या लोकांना शिव्या द्यायची, आणि रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात साखर घालून द्यायची. घरी आल्यावर सुचेता डबा उघडून बघायची, साखर बरणीत ओतायची आणि काही विचारायची नाही. ती गेली त्या वर्षीही तिनं डबा भरला होता. नंतर तो विकतचा फराळ नेऊ लागला.

आणि परसू? तो सिनेमातून उठला तो उठलाच. लग्नाच्या मांडवात, गणपतीत माइक आणि भोंगे भाड्यानं लावायला लागला. काही वर्षांनी बायको-मुलीला घेऊन बनशंकरीतच राहायला आला, पुरुषोत्तमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. आपल्याला डिवचायलाच आलाय, अशी पुरुषोत्तमची ठाम समजूत झाली. तेव्हापासून तो भाजी आणायला देवळामागून वळसा घालून जायचा. सात वर्षांपूर्वी परसू गेला तेही त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. निदान लोकांना त्यानं असंच सांगितलं. परसूची बायको गंगव्वा त्या घरात आता भाकरीचं केंद्र चालवते, हेही त्याला ठाऊक होतं. भाकरी त्याचा जीव की प्राण, पण त्या गल्लीतली भाकरी त्यानं कधी खाल्ली नाही.

त्यानं पटकथा मिटली. सोमवारी कुणीतरी पोरगा नव्या कोऱ्या स्कूटरवर बसणार, आरशात बघून केस सारखे करणार, आणि परसू मेल्यानंतर पुन्हा एकदा चोर ठरणार. या खेपेला पडद्यावर, मोठ्या अक्षरांत, कायमचा. आणि शेवटी पुरुषोत्तम चहा पिणार.

"नाही," तो रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून दचकलाच. मग शर्ट बदलला आणि मेट्रो धरून जयनगरला कावेरीकडे गेला.

कावेरी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची. पुढच्या खोलीत मुलांना कानडी शिकवायचा फळा, मागं स्वयंपाकघर. बासष्ट वर्षांची बाई, पण दार उघडायची ते अजून पडदा वर गेल्यासारखं.

"अरे, पुरुषोत्तमअण्णा! दिवाळी लांब आहे की अजून! आणि हात हलवत आलायस होय?" ती म्हणाली. ती निपाणीची, तोही निपाणीचा. तिचं अण्णा म्हणणं आणि अरे-तुरे करणं एकाच वाक्यात मावायचं. "बस. भेंडी चिरायलेय. बोल."

तो बसला. पटकथा मांडीवर धरली. पंखा कुरकुरत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला होता. शूटिंग संपलं की तो सगळ्यांना एक मिनिट जागच्या जागी गप्प उभं करायचा आणि रिकाम्या खोलीचा आवाज धरून ठेवायचा. सगळे वैतागायचे, पण उभे राहायचे. आता तो स्वतःच तसा गप्प बसला होता, आणि कावेरी भेंडी थांबवून त्याच्याकडे बघत होती.

"कावेरी, ती कॅसेट परसूनं दिली नाही."

"मग कुणी?"

"मी. गुंडोला दिली. मीच केली होती कॉपी."

मिक्सर थांबला. कावेरीनं विळी बाजूला सरकवली.

"का रे?"

सव्वीस वर्षांत त्यानं या प्रश्नाची शंभर उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडाला आलं नाही. "चांगली आली होती म्हणून," तो म्हणाला.

"चांगली आली होती?"

"फार चांगली. हुबेहूब केला होतास त्याला. एकेक हशा असा..."

कावेरी हसली. खरोखर हसली, मोठ्यानं. "म्हणजे माझं सगळं गेलं ते चांगलं काम केलं म्हणून! हे मात्र झकास आहे." मग हसणं ओसरलं. पुरुषोत्तमला वाटलं, आता शिव्या येतील. आल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

"तू त्याच वेळी येऊन सांगितलं असतंस ना," ती म्हणाली, "तर चार शिव्या हासडल्या असत्या, दोन वर्षं बोलले नसते. मग बोलले असते. तू पैसे खाणारा नाहीस, चुगलखोर नाहीस, तुला शाबासकीचा सोस तेवढा आहे, एवढं मला कळत नव्हतं होय? माझं जे गेलं त्याचं रडून मी केव्हाच मोकळी झालेय." ती थांबली. "पण परसू आला होता रे माझ्याकडं."

पुरुषोत्तमनं मान वर केली. हे त्याला ठाऊक नव्हतं.

"इथंच, या दारात. गंगव्वा होती बरोबर, पोटुशी. मी दार अर्धंच उघडलं. तो म्हणाला, 'अक्का, मी काही केलेलं नाही.' मी म्हटलं, 'आधी ती स्कूटर कुणाची ते सांग, मग आत ये.' तो गप्प. त्याची बायको त्याला कोपरानं ढोसायली होती, सांगा की, सांगा की म्हणून. हा आपला खाली बघून उभा. मी दार लावलं त्यांच्या तोंडावर." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "स्कूटर कुणाची होती?"

"माझी," पुरुषोत्तम म्हणाला. "लग्नाचा आहेर दिला होता."

कावेरीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तिचा आवाज नाटकातला नव्हता, सिनेमातलाही नव्हता. इतक्या वर्षांत तो त्यानं ऐकलाच नव्हता.

"म्हणजे पोरगं तुझं नाव तोंडातून काढेना, म्हणून मी त्याला दारातून घालवला. सव्वीस वर्षं मी त्याला माझ्या वाटोळ्याचा धनी म्हणत आलेय. त्या पोरीला मीच सांगितलं, घाल त्याला सिनेमात, सोडू नको. मला जे केलं ते मी सोसलं, पुरुषोत्तम. पण तू माझ्या हातून हे करवलंस. हे मी कुणाकडं फेडू? माणूस तर गेला."

आज पहिल्यांदाच तिनं त्याला नुसतं पुरुषोत्तम म्हटलं होतं. त्यानं दोन्ही हात जोडले. तिनं तिकडे बघितलंही नाही. फोन उचलला आणि शाल्मलीला लावला.

"सोमवारचा सीन थांबव. काय लॉक झालंय ते उघड... नाही, मला काही झालं नाही. अण्णा येऊन सांगतील तुला. सगळं सांगतील, आणि तू सगळं लिहायचंस. शेवटचा चहाही काढून टाक." फोन ठेवून ती उठली आणि पायात चपला सरकवल्या. "चल."

"कुठं?"

"पत्ता तुला ठाऊक असेलच."

होताच. कुठल्या गल्लीतून जायचं नाही हे इतकी वर्षं पाठ केलेल्या माणसाला पत्ता ठाऊक नसून कसं चालेल? रिक्षावाल्याला तो म्हणाला, "स्वल्प डावीकडे," आणि पहिल्यांदाच तो देवळामागून वळसा न घालता सरळ गेला.

गंगव्वाच्या घराचा पुढचा भाग म्हणजेच भाकरी केंद्र. दोन बायका भाकऱ्या थापत होत्या, तिसरी, केस पांढरे झालेली, तव्याशी बसली होती. तिनं वर बघितलं. आधी कावेरीला ओळखलं, मग पुरुषोत्तमला. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "या की. बसा."

बसायला लाकडी बाक होता. कावेरी बाकावर बसली नाही. ती तव्यासमोर जमिनीवरच बसली, गंगव्वाच्या पायांशी हात लांब केला. गंगव्वानं पाय मागं घेतले. "असं करू नगा अक्का. पिठाचे हात हायत माझे."

पुरुषोत्तमनं उभ्यानंच सांगितलं. कॅसेट, गुंडो, केबल, स्कूटर. सव्वीस वर्षं जड झालेली गोष्ट सांगायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. थापणाऱ्या बायकांचे हात थांबले. गंगव्वाचे थांबले नाहीत.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "कॅसेट केली तवा यांनीच मशीनची वायर लावून दिली होती न्हवं तुम्हास्नी?"

खरंच होतं. वायर परसूनं लावली होती. हे पुरुषोत्तम साफ विसरला होता. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, की परसूला नुसता संशय आहे.

"या सगळ्यावर एक सिनेमा निघतोय, गंगव्वा. तो आता बदलतोय," कावेरी म्हणाली. "त्यात परसूचं नाव बदलून घातलंय..."

"नाव खरं घाला. बदलू नगा. परसू म्हणूनच घाला. लेक बघंल माझी." भाकरी फुगली, ती तिनं उतरवली. "आणि स्कूटर जुनी दावा. लई तरास द्यायची ती. कलती केल्याबिगर चालूच व्हायची न्हाई."

"मग त्यानं सांगितलं का नाही कुणाला?" कावेरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "मला का नाही सांगितलं?"

"मी लई म्हणायचे, चला, अण्णांच्या दारात जाऊ. ते नको म्हणायचे. आपण गेलो तर अण्णांना वाटंल भांडाय आलो. त्यांचं त्यांनी यायला पायजे, तरच त्याला अर्थ हाय, म्हणायचे." गंगव्वानं पहिल्यांदा पुरुषोत्तमकडे नीट बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता; राग असता तर त्याला तिच्या नजरेला नजर देता आली असती. "माझा भाऊ यशवंतपूरला घर देत होता आम्हास्नी, दुकानाच्या वर. चांगलं होतं. पण हे न्हाईच म्हणाले. बनशंकरीतच राहू, म्हणाले. अण्णांचं वय होत चाललंय, त्यांना यायला लांब पडायला नको."

पुरुषोत्तम बाकावर बसला. गंगव्वानं एका ताटलीत गरम भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा घालून ताटली त्याच्यापुढे ठेवली. आल्यागेल्याला ती तशी रोजच द्यायची.

"जेवा," ती म्हणाली. "चालत आलात?"

"नाही," तो म्हणाला. "रिक्षानं. जयनगरहून."

"दहाच मिनिटांची तर वाट हाय तुमच्या घरापासनं," गंगव्वा म्हणाली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.